हजार येनची भिंत

ठाण्याच्या एका वाचकबाईंचं पत्र आहे. मुलाने आग्रह करकरून वांद्र्याला रामेन खायला नेलं. वाडग्यात रस, रसात शेवया, वर अर्धं अंडं आणि मांसाच्या दोन चकत्या. बिल माणशी आठशेच्या घरात. ‘हेच घरी झटपट शेवयांचं पाकीट उकळून वर अंडं ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं?’ असं त्या विचारतात. प्रश्न खोचक आहे, पण बिनबुडाचा नाही. रामेनचे भक्त तो ऐकून कानांवर हात ठेवतील. मी ठेवणार नाही. पाकीट आणि वाडगा यांच्यात भक्त सांगतात तेवढं अंतर नाही, आणि जे आहे ते भलत्याच ठिकाणी आहे.

आधी पाकिटाचं बघू. मोमोफुकु आंदो हा गृहस्थ १९१० साली तैवानात जन्मला आणि धंद्याच्या निमित्ताने ओसाकात स्थिरावला. महायुद्ध संपलं तेव्हा जपानात अन्नाची दैना होती. अमेरिकेचा गहू येत होता, सरकार लोकांना पाव खा म्हणत होतं, आणि ओसाकाच्या काळ्या बाजारात लोक कडाक्याच्या थंडीत रामेनच्या गाडीपुढे रांग लावून उभे होते. ती रांग आंदोच्या डोक्यात बसली. पुढे १९५७ मध्ये तो अध्यक्ष असलेली पतसंस्था बुडाली आणि राहतं घर तेवढं हाती उरलं. घरामागच्या अंगणात खोपटं उभारून हा सत्तेचाळीशीतला माणूस शेवयांच्या मागे लागला. शेवया वाळवून टिकवणं अवघड नव्हतं. उकळतं पाणी ओतल्यावर त्या दोन-तीन मिनिटांत पुन्हा मऊ कशा व्हाव्यात, तिथे गाडं अडलं होतं. बायकोला तेम्पुरा तळताना पाहून ते सुटलं, असं तो सांगत असे. ओल्या शेवया कडकडीत तेलात सोडल्या की आतल्या पाण्याची वाफ होऊन ती उसळून बाहेर पडते आणि जाताना बारीक बारीक भोकं ठेवून जाते. मग आपण पाणी ओततो तेव्हा ते त्याच भोकांतून आत शिरतं.

२५ ऑगस्ट १९५८ ला ‘चिकन रामेन’ बाजारात आलं. किंमत ३५ येन. ताज्या उदोन शेवयांची गुंडी तेव्हा ६ येनला मिळत होती. स्वस्तातलं म्हणून ज्याला आपण नाकं मुरडतो ते पाकीट जन्मलं तेव्हा ताज्या मालाच्या जवळजवळ सहापट महाग होतं! घाऊक व्यापाऱ्यांनी आधी नकारार्थी मानच हलवली. लोकांनी घेतलं, कारखाने वाढले, भाव उतरला. विसाव्या शतकातला आपला सर्वोत्तम शोध कोणता, असं २००० साली एका पाहणीत जपान्यांना विचारलं, तर त्यांनी या पाकिटालाच पहिला नंबर दिला. आज जगात वर्षाला १२ हजार कोटींहून जास्त पाकिटं आणि कप फस्त होतात. त्यात चीन आणि इंडोनेशियाच्या पाठोपाठ तिसरे आपण. १९८०च्या दशकात मॅगी आली आणि आपल्याकडे एक अख्खी पिढी तिच्यावर वाढली. मीठ आणि तेल त्यात भरपूर असतं हे खरंच, पण त्यामागची अक्कल पाहिली की पाकिटाला नावं ठेवणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. पाकीट बिचारं स्वतःला अस्सल म्हणवत तरी नाही.

अस्सल म्हणजे तरी कुठलं? टोकियोच्या आसाकुसा भागात १९१० साली ‘रायरायकेन’ निघालं. जपानात हा पदार्थ लोकप्रिय केला तो या दुकानाने. तिथे रांधणारे होते योकोहामाच्या चिनी वस्तीतून आणलेले आचारी. त्या काळी या पदार्थाला चिनी सोबा, म्हणजे चिनी शेवया, म्हणत. साप्पोरोचं मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, घातलेलं रामेन युद्धानंतरचं, १९५०च्या दशकातलं. क्युशू बेटावरच्या कुरुमे गावात डुकराच्या हाडांचा दुधासारखा पांढरा रस झाला तो १९४७ मध्ये, पातेलं नको तितकं उकळत राहिलं म्हणून, असं तिथे सांगतात. म्हणजे उसनी कृती, अमेरिकेचा गहू आणि एक करपता करपता वाचलेलं पातेलं. न्यूयॉर्ककडच्या इव्हान ओर्किन नावाच्या ज्यू आचाऱ्याने २००७ मध्ये थेट टोकियोत दुकान थाटलं आणि राय नावाच्या धान्याचं पीठ शेवयांत मिसळलं. टोकियोकरांनी त्यावरही रांगा लावल्या. वंशावळ काढून अस्सलपणा ठरवायला गेलं तर रामेनमध्ये काहीच हाती लागत नाही.

हाती लागते ती मेहनत. शेवयांच्या पिठात कान्सुई नावाचं खारट-तुरट पाणी घालतात. आपल्या पापडखाराच्याच कुळातला हा क्षार. त्याने पीठ पिवळसर होतं आणि शेवयांना चिवट लवचिकपणा येतो, म्हणून त्या गरम रसात पडूनही लगेच लिबलिबीत होत नाहीत. क्युशूतल्या त्याच पांढऱ्या, हाकाता पद्धतीच्या रसासाठी डुकराची हाडं बारा-पंधरा तास खळाखळा उकळतात. मंद आचेवर हा रस होतच नाही. हाडांतला चिकट अंश उतरायला हवा आणि चरबी पाण्यात फुटून एकजीव व्हायला हवी, तेव्हा कुठे तो पांढरा होतो. तोवर कोणीतरी पातेल्याशी उभं राहून हाडं ढवळत, फोडत, पाणी वाढवत असतं. (आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कोंबडीचा रस देतात. तो नकली समजू नका, जपानातही त्याची स्वतंत्र परंपरा आहे.)

एवढा खटाटोप करून गिऱ्हाइकाच्या वाट्याला काय येतं? दारातल्या यंत्रात पैसे टाकायचे, तिकीट घ्यायचं आणि आठ-दहा खुर्च्यांच्या फळीवर खांद्याला खांदा लावून बसायचं. समोर आचारी वाडगा गरम करून घेतो. तळाशी तारे, म्हणजे सोया किंवा मिठाचा दाट अर्क, एक पळी. त्यावर वासाचं तेल. मग रस. तेवढ्यात शेवया उकळून झालेल्या असतात, बारीक असतील तर मिनिटभरसुद्धा लागत नाही. जाळीच्या टोपलीतून त्या वर काढून तो मनगटाला असे हिसके देतो की पाणी खाली सपकन आपटतं. पाणी राहिलं तर रस पातळ होणार. रसात शेवया सोडून चॉपस्टिकने एकदा उचलून घडी पाडायची, मांस, अंडं, कांद्याची पात, बांबूचे काप, आणि वाडगा पुढे. आपण फुर्रफुर्र आवाज करत दहा मिनिटांत उठायचं, कारण मागे रांग असते. गप्पा नाहीत, टिप नाही. जुझो इतामीने १९८५ मध्ये ‘ताम्पोपो’ हा अख्खा सिनेमा या खटाटोपावर काढला, आणि तो विनोदी असूनही त्यातला आचाऱ्यांचा ध्यास खोटा वाटत नाही.

अशा पदार्थावर उंची हॉटेलांची नजर न पडती तरच नवल. टोकियोच्या सुगामो भागात ‘त्सुता’ हे नऊ खुर्च्यांचं दुकान होतं. मिशेलिनच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत त्याला तारा मिळाला, जगात रामेनच्या दुकानाला पहिल्यांदाच. तिथला आचारी युकी ओनिशी सोया-रसात ट्रफल या महागड्या अळंबीचा वास आणत असे, आणि तरी वाडगा हजार येनच्या आसपासच होता. तिकडे न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड चँगने २००४ मध्ये ‘मोमोफुकु नूडल बार’ काढला. नाव कोणाचं ते वाचकांच्या लक्षात आलंच असेल. पाकिटाच्या जनकाचं नाव पाटीवर लावून आत ताजं रामेन, हा खट्याळपणा मला आवडतो. त्या शहरात आता वाडग्याला वीसेक डॉलर सहज पडतात, वर टिप. आमच्या वाचकबाईंचे आठशे रुपयेही याच वाटेवरचे. टोकियोत चांगला वाडगा नऊशे-हजार येनला, म्हणजे पाचशे-सहाशे रुपयांत मिळतो. वांद्र्याचा वरखर्च जागेचा, एसीचा आणि जपानहून मागवलेल्या बाटल्यांचा. रस तिथेच उकळतात की तयार येतो, एवढं पुढच्या खेपेला विचारा. उत्तर ‘तयार येतो’ असं असेल तर बाई, तुमचं पाकीटच बरं.

पण मला खरी काळजी त्या टोकियोतल्या दुकानांची आहे. रामेनवाले तिथे ‘हजार येनची भिंत’ म्हणतात. सोबा महागला चालतो, सुशीची तर कोणी किंमत विचारत नाही, पण रामेनने हजाराचा आकडा ओलांडला की गिऱ्हाईक बिचकतं. मजुराचं, विद्यार्थ्याचं, रात्रपाळीच्या माणसाचं खाणं ते. त्याने आपली पायरी सोडू नये अशी अपेक्षा. अलीकडे येन घसरला, गहू, डुकराचं मांस, गॅस, वीज सगळं चढलं, आणि २०२४ मध्ये रामेनची दुकानं बुडण्याचा तिथे विक्रम झाला. ही मुख्यतः छोटी दुकानं. साखळीवाल्यांना घाऊक भावात माल मिळतो, रस एका ठिकाणी शिजवून सगळीकडे पाठवता येतो. एकट्याने पहाटे हाडं चढवणाऱ्याला यातलं काहीच जमत नाही.

स्वस्त आणि अस्सल या दोन शब्दांची जोडी जमवून खवय्ये मंडळी फार गहिवरतात. हा गहिवर मला पटत नाही. पाकीट स्वस्त आहे ते यंत्रामुळे. उंची हॉटेलातला वाडगा महाग आहे आणि ते पैसे गिऱ्हाईक देतं. या दोन्हींत हिशेब चोख आहे. कोपऱ्यावरच्या दुकानातला स्वस्तपणा मात्र मालकाच्या कमरेतून, झोपेतून आणि बिनपगारी राबणाऱ्या बायकोच्या हातांतून येतो, आणि आपण त्याला परंपरा म्हणून दाद देतो.

टोकियोतल्या काही नावाजलेल्या दुकानांनी आता एक वाट काढली आहे. रांगेत उभं राहायचं नसेल तर आधी जादा पैसे भरून वेळ राखून ठेवायची. परदेशी पाहुणे ते आनंदाने भरतात. दुकान तगत असेल तर माझी हरकत नाही. पण रांग टाळण्याचे पैसे मिळतात आणि पंधरा तास उकळलेल्या रसाचे मागायची चोरी, हा प्रकार विचित्र आहे. सरळ वाडगा तेराशे येनचा करावा. चार गिऱ्हाइकं कुरकुरतील, दोन पाकिटाकडे वळतील. खुशाल वळू द्यावीत.