असईचा उतार आणि विजेत्याचे गद्य

सेनापतीचा मुत्सद्दी झाला की त्याच्या आठवणींना एक वेगळेच अभय लाभते, असा आमचा अनुभव आहे. इतिहासाचे अभ्यासक त्यांच्या शैलीवर लुब्ध होतात आणि साहित्याचे अभ्यासक 'हा इतिहासाचा प्रांत' म्हणून बाजूला होतात. या दोघांच्या सौजन्यात मजकूर मात्र न वाचलेलाच राहतो. आमची तक्रार मुख्यतः दुसऱ्या गटाविषयी, म्हणजे आपल्याच गोतावळ्याविषयी आहे.

उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. टेंभुर्णी ज्या जाफ्राबाद तालुक्यात आहे, त्याच टापूत असई आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या संयुक्त सैन्याचा पराभव केला. कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली तेव्हा चौतीस वर्षांचा होता. पुढे तो वेलिंग्टनचा ड्यूक झाला, १८१५ साली वॉटर्लू जिंकला आणि १८२८ ते १८३० या काळात ब्रिटनचा पंतप्रधान होता. उतारवयात कोणीतरी त्याला रणांगणावरील सर्वोत्तम कामगिरी विचारली, तेव्हा त्याने वॉटर्लूचे नाव न घेता 'असई' एवढा एकच शब्द उच्चारला, असे त्याच्या संभाषणांच्या नोंदींत आढळते.

यावर आक्षेप येईल की वेलिंग्टनने आत्मचरित्र लिहिलेच नाही. ते खरे आहे. लढाईचा इतिहास लिहिणे हे नृत्यसमारंभाचा इतिहास लिहिण्यासारखेच अशक्य, असे त्याचे मत प्रसिद्ध आहे. पण या नकाराकडे आम्ही विनय म्हणून पाहत नाही. १८३४ पासून कर्नल गरवुड या त्याच्या विश्वासातील अधिकाऱ्याने त्याचे खलिते खंडाखंडाने छापले. ड्यूकची नजर मुद्रितांवर होती आणि अनेक ठिकाणी व्यक्तींची नावे गाळून रेघा ओढल्या गेल्या. ड्यूकच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलाने आणखी पंधरा पुरवणी खंड काढले. जो मनुष्य आपली पत्रे आपल्या हयातीत, आपल्या देखरेखीखाली, निवडून आणि गाळून प्रसिद्ध होऊ देतो, त्याला निराळे आत्मचरित्र लिहिण्याची गरजच काय? हे आत्मचरित्रच आहे. फक्त त्यावर 'साधन' असा शिक्का आहे.

आता त्या शिक्क्याखालचा मजकूर पाहावा. लढाईच्या दुसऱ्या दिवशीचा खलिता गव्हर्नर जनरलला उद्देशून आहे. गव्हर्नर जनरल कोण? लेखकाचा सख्खा थोरला भाऊ रिचर्ड वेलस्ली, ज्याच्या तैनाती फौजेच्या धोरणाचे समर्थन लंडनमध्ये व्हायचे होते. पुढे १ नोव्हेंबरला टॉमस मन्रोला लिहिलेल्या पत्रात सूर बदलतो. फौज दोन भागांत का विभागली आणि कर्नल स्टीव्हन्सनची वाट न पाहता लढाई का दिली, याचे ते सविस्तर समर्थन आहे. एकाच घटनेचे दोन वाचकांसाठी केलेले हे दोन निवेदने आहेत. निवेदक, संबोधित आणि हेतू या संज्ञा आपण पहिल्याच वर्षी शिकवतो. मग त्या येथे का लावत नाही?

मन्रोला लिहिलेल्या पत्रात आणखी एक सूक्ष्म जागा आहे. आघाडीच्या तुकडीचा अधिकारी वाट चुकून असई गावाच्या फार जवळ गेला आणि त्यामुळे ७४व्या पलटणीची भयंकर हानी झाली. वेलस्ली त्या अधिकाऱ्याच्या धैर्याची प्रशंसा करतो आणि चुकीच्या परिणामांबद्दल केवळ खेद दर्शवतो. वाक्य अत्यंत सौजन्यपूर्ण आहे. त्या सौजन्यातूनच चूक कोणाची हे कायमचे ठरून गेले आहे.

सर्वांत बोलकी मात्र नदीच्या उताराची कथा. शत्रूचा तळ भोकरदनपासून असईपर्यंत पसरलेला होता. त्याच्या डाव्या बगलेवर जायचे तर केळणा ओलांडणे भाग होते, आणि पलीकडे जाण्यास उतार नाही असे वाटाडे सांगत होते. तेव्हा सेनापतीने समोरासमोरच्या काठांवर पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे पाहिली आणि अनुमान केले: एवढी जवळची गावे येण्याजाण्याच्या सोयीवाचून वसणार नाहीत. उतार सापडला, लढाई जिंकली गेली. पुढील आयुष्यात स्वतः ड्यूकने सांगितलेली ही हकीकत त्याचे चरित्रकार तर्कशक्तीचा नमुना म्हणून आजही सांगतात.

आम्हांला हा तर्क अमान्य नाही. पण कथेची रचना पाहा. त्या उतारावरून पिढ्यानपिढ्या बैल, बाया आणि बाजारहाट करणारे लोक ये-जा करीत होते. त्यांचे रोजचे ज्ञान या कथेत सेनापतीची प्रतिभा होऊन प्रकटते. वाटाडे केवळ चुकण्यासाठी येतात. ते खरोखरच अजाण होते, भयभीत होते, की परक्या फौजेला वाट दाखवण्याची त्यांची इच्छा नव्हती, हा प्रश्न कथेला पडतच नाही. पडला असता तर ती इतकी सुबक राहिली नसती.

हीच दृष्टी आकड्यांतही आहे. कंपनीच्या बाजूचे सुमारे १,५८४ सैनिक ठार, जखमी वा बेपत्ता झाले. त्यांच्या याद्यांत युरोपीय आणि एतद्देशीय यांचे रकाने वेगळे आहेत. अधिकाऱ्यांना नावे आहेत, मद्रासच्या शिपायांना संख्या. शिंद्यांकडील मृतांचा तर अंदाजच. शिंद्यांच्या कवायती पायदळाची आणि तोफांची वेलस्लीने मोकळ्या मनाने स्तुती केली, हे आम्ही विसरत नाही. मात्र पराभूताची स्तुती ही विजेत्याला परवडणारी गोष्ट असते, आणि तिने विजयाचे मोलही वाढते.

याच्या उलट आपण बखरींशी कसे वागतो? पानिपतावरील भाऊसाहेबांची बखर वर्गात आली की अतिशयोक्ती, अलंकरण, पाल्हाळ यांची यादी होते आणि 'इतिहास म्हणून अविश्वसनीय, साहित्य म्हणून रसाळ' असा निकाल लागतो. खलित्याला मात्र हा निकाल कधी लागत नाही, कारण त्याचे गद्य कोरडे आहे. कोरडेपणा हीदेखील एक शैली आहे, आणि ती विश्वास संपादन करण्यासाठीच योजलेली असते, हे सीझरपासून जगाला ठाऊक आहे. त्याने तर स्वतःला तृतीय पुरुषी लिहून हा परिणाम साधला.

आता एक इशाराही द्यावयास हवा. या विवेचनाचा आधार घेऊन कोणी 'आपली असई' लिहावयास बसेल आणि दौलतरावांच्या तोंडी तेजस्वी भाषणे घालील, तर तो आमचा मित्र नव्हे. दौलतरावांनी आठवणी लिहिल्या नाहीत. त्यांच्या नावे त्या रचणे म्हणजे विजेत्याचीच युक्ती निकृष्ट दर्जाने वापरणे होय. विजेत्याच्या आठवणींना खरे उत्तर एकच आहे. त्या बारकाईने वाचाव्यात, त्यांतील नामोल्लेख आणि अनुल्लेख मोजावेत, आणि पुणे रेसिडेन्सीच्या प्रकाशित पत्रव्यवहारासारख्या अन्य साधनांशी त्या ताडून पाहाव्यात.

म्हणून आमची मागणी साधी आहे. पदव्युत्तर वर्गात भाऊसाहेबांच्या बखरीशेजारी २४ सप्टेंबर १८०३ चा खलिता ठेवावा आणि दोहोंना एकच प्रश्नपत्रिका द्यावी: कोण बोलतो, कोणाला उद्देशून, कोणाचे नाव घेतो, कोणाला संख्येत ढकलतो. मराठवाड्यातील विद्यार्थ्याने हे केले नाही तर ज्या रानातून तो जातो-येतो, त्या रानाविषयीचा अखेरचा शब्द एका ड्यूकचाच राहील. आणि तो शब्द आमच्याच गावाचे नाव असला, तरी उच्चारलेला त्याने आहे.