आधी दम कमवा, मग बाण लावा

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात धनुष्यबाणाने एल्क हे मोठं हरीण मारण्याचा परवाना घ्यायला गेलात तर नाव विचारतात, पत्ता विचारतात, पैसे घेतात. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेले असाल तर शिकारीचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र मागतात. धनुष्य ताणता येतं का, चढ चढून गेल्यावर हात स्थिर राहतो का, मारलेलं जनावर पाठीवरून खाली आणण्याची ताकद आहे का, हे कुणी विचारत नाही. म्हणूनच दर सप्टेंबरला इथल्या डोंगरांत अशी माणसं झुंडीने शिरतात, ज्यांना तिथे बाण सोडण्याचा काडीचाही अधिकार नाही.

मी शिकारीचा विरोधक नाही. मी स्वतः धनुष्याने शिकार करतो आणि आणलेलं मांस माझ्या घरात शिजतं. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, ते योग्यच झालं. इथली गोष्ट वेगळी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोरॅडोतले एल्क संपत आले होते. वायोमिंगहून आणून सोडले, जपले, आणि आज अडीच लाखांहून जास्त एल्क या एका राज्यात आहेत. वन्यजीव खात्याचा मोठा खर्च परवान्यांच्या पैशांवर चालतो. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याचा कर आता धनुष्यांवर आणि बाणांवरही लागतो आणि तो पैसा संवर्धनाला जातो. ही व्यवस्था मला मान्य आहे. तिच्या आडोशाला उभा राहून स्वतःच्या आळसाची किंमत मुक्या जनावराकडून वसूल करणारा शिकारी मला मान्य नाही.

बाण कसा मारतो ते आधी समजून घ्या. बंदुकीच्या गोळीचा धक्का त्यात नसतो. बाणाचं पातं चिरत जातं आणि जनावर रक्तस्रावाने मरतं. दोन्ही फुप्फुसांतून बाण गेला तर एल्क बहुधा शंभर-दीडशे मीटरांत कोसळतो. तोच बाण दीड वीत मागे, पोटात लागला तर तो कित्येक तास, कधी दिवसभर जिवंत राहतो. सगळा फरक त्या दीड वितीचा आहे, आणि ही दीड वीत शिकाऱ्याच्या दमावर ठरते.

एका हंगामात फ्लॅट टॉप्स डोंगरांच्या पायथ्याशी आमच्या शेजारी एकाने तळ टाकला होता. पहाटे वरच्या धारेवरून नराची आरोळी आली. सप्टेंबर हा एल्कच्या माजाचा काळ, नर ओरडून एकमेकांना आव्हान देतात. हा गृहस्थ आरोळीच्या दिशेने चढावर धावत सुटला. वर पोचला तेव्हा त्याची छाती भात्यासारखी चालली होती. त्याच अवस्थेत त्याने बाण सोडला. नंतर तो बाण आम्ही उचलून पाहिला. दांड्याला रक्त कमी आणि हिरवट चिकट घाण जास्त, आणि तिचा दर्प हातभर अंतरावरून येत होता. बाण पोटातून गेला होता. अशा वेळी लगेच पाठलाग केला तर जनावर आणखी दूर पळतं, म्हणून थांबावं लागतं. दुसऱ्या दिवशी दुपारी सापडलं तेव्हा ते फुगलेलं होतं, मांस वाया गेलं होतं. आणि हा माणूस म्हणाला, नशीब वाईट. नशिबाचा काय संबंध? मार्चपासून ऑगस्टपर्यंत तो चढावर चाललाच नव्हता, हे त्याने आदल्याच रात्री शेकोटीपाशी मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. डोंगरात आलं की अंग आपोआप बनतं, असं त्याचं म्हणणं होतं.

डोंगरात अंग बनत नाही, डोंगरात ते उघडं पडतं. आपल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर, आणि डेन्व्हर शहरच १,६०९ मीटरवर वसलेलं आहे. एल्कची शिकार जिथे होते ती रानं २,७०० ते ३,५०० मीटरवर. तीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम सत्तर टक्के असतो. टेक्सासहून किंवा विस्कॉन्सिनहून आलेला माणूस विमानातून उतरून दुसऱ्या दिवशी तिथे धावायला लागतो आणि संध्याकाळी डोकं धरून तंबूत ओकत पडतो. उंचीचा त्रास कसलेल्या माणसालाही होतो, म्हणून दोन-तीन दिवस राखून, टप्प्याटप्प्याने वर जायचं असतं. ज्याच्याकडे मुळात दमच नाही त्याला हे दोन-तीन दिवसही पुरत नाहीत. मिशिगनमध्ये हृदयरोगतज्ज्ञांनी हरणाच्या शिकारीला निघालेल्या पुरुषांच्या हृदयाची गती मोजली होती. त्यातल्या काहींची गती ट्रेडमिलच्या चाचणीत गाठलेल्या कमाल गतीच्याही वर गेली. हे सपाटीच्या मिशिगनमध्ये. रॉकी पर्वतात असा माणूस कोसळला तर त्याला उचलून आणतात ते बचावपथकाचे स्वयंसेवक, तेही विनामोबदला, आपली नोकरी टाकून, अंधारात कडे उतरून.

आता धनुष्य विकणाऱ्यांकडे वळतो, कारण या रोगाचं खतपाणी तिथलं आहे. १९६९ साली मिझुरीच्या होलेस अ‍ॅलनला कंपाउंड धनुष्याचं पेटंट मिळालं. ६० पौंडांचं असं धनुष्य ताणताना एका टप्प्यावर २७ किलोंचा जोर लागतो. तो ओलांडला की टोकांच्या कप्प्या भार हलका करतात आणि पूर्ण ताणल्यावर जेमतेम पाचवा हिस्सा, साडेपाच किलो, हातात उरतो. दुकानदार हा पाचवा हिस्सा विकतो. सपाट फरशीवर, दिव्याखाली उभं करून गिऱ्हाइकाकडून चार बाण मारून घेतो आणि हजार-दीड हजार डॉलरचं यंत्र गळ्यात मारतो. तो २७ किलोंबद्दल बोलत नाही.

रानात काय होतं? पहाटेच्या गोठवणाऱ्या थंडीत गुडघ्यावर बसून तास झालेला असतो. बोटं बधिर, खांदा आखडलेला. नर पंचवीस यार्डांवर येतो. त्याचं डोकं झाडाआड गेलं की तेवढ्या दोन सेकंदांत, धनुष्य आभाळाकडे न उचलता, आवाज न करता ते २७ किलो सरळ मागे ओढायचे असतात. आणि मग तो झाडाआडच थांबतो. एक मिनिट. दीड मिनिट. पाठ थरथरायला लागते. नेमाचा ठिपका खांद्यामागून पोटावर आणि पोटावरून गवतावर घसरतो. अंतर चाळीस यार्ड असेल तर सेकंदाला २८० फूट जाणाऱ्या बाणालाही जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. दोरीचा आवाज त्याच्या कितीतरी आधी जनावराच्या कानावर पडतो आणि ते हलतं. इथे यंत्राची किंमत कामाला येत नाही, कमावलेली पाठ येते.

एवढं करून बाण नेमका लागला, तरी अर्धंच काम झालं. पूर्ण वाढलेल्या नराचं, हाडं काढून, नव्वद-शंभर किलो मांस निघतं. कोलोरॅडोचा कायदा खाण्याजोगं मांस टाकून देऊ देत नाही. चारही तंगड्या, पाठीचे आणि आतले मऊ तुकडे बाहेर आणावेच लागतात. १९६४ च्या कायद्याने राखलेल्या वाइल्डरनेस भागात गाडी सोडा, सायकलही चालत नाही. घोडेवाला ठरवलेला नसेल तर सगळं पाठीवर. खेपेला पंचवीस किलो धरा, रस्ता पाच किलोमीटर लांब धरा. चार खेपा भरलेल्या, तीन रिकाम्या, म्हणजे पस्तीस किलोमीटर. दुपारचं ऊन तापलेलं असतं आणि मांस कुजायला सुरुवात होते ती मागच्या तंगडीच्या खुब्यापाशी. अस्वलाला वास लागतो तो वेगळाच. पहिल्या खेपेत गुडघे गेलेला माणूस उरलेल्या मांसाचं काय करणार, हे त्याने बाण सोडण्याआधी विचारात घ्यायला नको?

तयारी कठीण नाही, कंटाळवाणी आहे, आणि म्हणूनच टाळली जाते. वसंतात सुरुवात करा. बोलता येईल इतक्या बेताने, पण तास-तासभर चढ चढा. आठवड्यातून एकदा पाठीवर ओझं घ्या आणि महिन्यागणिक ते वाढवा. उतरण्याचा सराव तितकाच करा, कारण भरल्या पाठीने मांड्या फाटतात त्या उतारावर. आरशासमोर दंड फुगवून जनावर खाली येत नाही. पाय, कंबर, पाठ आणि फुप्फुसं आणतात. धनुष्यासाठी एक साधी परीक्षा आहे. खुर्चीत बसा, दोन्ही पाय जमिनीवरून उचला आणि धनुष्य सरळ समोर धरून शांतपणे ताणा. हात वर गेला किंवा अंग पिळलं तर ते धनुष्य तुमच्यासाठी जड आहे. पौंड कमी करा. कायद्याची किमान मर्यादा ३५ पौंड आहे. धारदार पात्याचा जड बाण पन्नास पौंडांच्या धनुष्यातूनही जवळच्या अंतरावर एल्कच्या फुप्फुसांपार जातो. सत्तर पौंडांचा हट्ट हा निव्वळ मित्रांसमोर मिरवण्याचा हट्ट आहे. आणि रोज सकाळी, अंग गरम न करता, एकच बाण मारा. रानात पहिलाच बाण मिळतो.

माझं म्हणणं इथेच थांबत नाही. परीक्षा सक्तीची करा. डेन्मार्कमध्ये धनुष्याने शिकार करायची तर वेगळी नेमबाजीची चाचणी उत्तीर्ण व्हावं लागतं. जर्मनीत आणि ब्रिटनमध्ये तर अशी शिकार बंदच आहे. कोलोरॅडोने निदान एवढं करावं: ओझं घेऊन एक ठरावीक चढ, आणि वर पोचल्यावर गुडघ्यावर बसून वीस आणि तीस यार्डांवर बाण. नापास झाला तर त्या वर्षी परवाना नाही. यावर सरकारी लुडबूड म्हणून ओरडणारे गाडी चालवायची परीक्षा निमूट देतात, कारण तिथे समोर माणूस मरतो. समोर जनावर असलं की यांना स्वातंत्र्य आठवतं.

म्हाताऱ्यांचं काय, अपंगांचं काय, असा प्रश्न नेहमी पुढे केला जातो. गंमत अशी की तो धडधाकट, चाळिशीतली माणसंच करतात. मी पाहिलेले सत्तरीतले धनुर्धारी आपली ताकद ओळखून रस्त्याजवळचं सोपं रान निवडतात, हलकं धनुष्य वापरतात, वीस यार्डांपलीकडे बाण सोडत नाहीत. अपंगांना राज्य सवलती देतं आणि द्याव्यातच. त्यांची चाचणी त्यांच्या शरीराला आणि त्यांच्या रानाला धरून असावी. प्रश्न वयाचा नाहीच. आपल्या शरीराला झेपेल त्या रानात आणि झेपेल त्या अंतरावर थांबायचं, की हौसेपायी दुसऱ्या जिवाला फाडायचं, एवढाच आहे.

राज्य चाचणी आणेल तेव्हा आणेल. तोवर ती प्रत्येकाने ऑगस्टच्या अखेरीस स्वतःची स्वतः घ्यावी. चढ चढून आल्यावर, धाप लागलेली असताना, बाण जिथे पाहिजे तिथे लागला नाही तर यंदाचा हंगाम सोडून द्यावा. परवान्याचे पैसे गेले तर जाऊ द्यावेत. पोटात बाण घेऊन दिवसभर मरत राहणाऱ्या जनावरापुढे त्या पैशांची किंमत शून्य आहे.