एडीएक्सची रेघ आणि घामाचा पैसा

बोरी बुद्रुक, आळेफाटा, नारायणगाव या पट्ट्यातील शेतकऱ्याला बाजाराचा कल ओळखायला कोणी शिकवावे लागत नाही. टोमॅटोच्या क्रेटला एक दिवस चढा भाव मिळाला म्हणून तो लगेच कर्ज काढत नाही. आवक किती, बाहेरचे व्यापारी किती, हे तो आधी पाहतो. २०२३ च्या जुलैत टोमॅटोने पैसा दिला आणि सप्टेंबरपर्यंत भाव कोसळले, हे त्याने भोगले आहे. मात्र त्याच घरातील शिकलेला मुलगा मोबाईलवर एडीएक्सची रेघ २५ च्या वर गेली की बेधडक खरेदी करतो!

हा एडीएक्स वेल्स वाइल्डर या अमेरिकन माणसाने १९७८ साली मांडला. साधारण १४ दिवसांच्या चढउताराची सरासरी, तिची पुन्हा सरासरी, असा हा हिशेब आहे. आकडा २० च्या खाली असेल तर बाजाराला दिशा नाही, २५ च्या वर असेल तर कलात जोर आहे, असे सर्वसाधारणपणे मानतात. पण जोर कुठल्या बाजूचा? शेअर धडाधड पडत असतानाही एडीएक्स वरच चढतो. दिशा सांगतात त्या सोबतच्या दोन रेघा, अधिक डीआय आणि उणे डीआय. शिवाय सरासरीची सरासरी असल्याने हा आकडा उशिरा बोलतो. क्लासवाले हे सांगत नाहीत असे नाही, पण फी भरून झाल्यावर सांगतात.

सेबीच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या व्यक्तिगत गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर! यात वडिलोपार्जित भांडवलवाला सावरेल. ज्याच्या घरात पहिल्यांदाच पगार आला, बापाचा प्रॉव्हिडंट फंड आला, त्याने काय करायचे?

म्हणून आपल्या लोकांनी शेअर बाजाराकडे फिरकूच नये, हे म्हणणे आम्हाला मान्य नाही. बडोद्याची नोकरी सोडल्यावर, सिडनहॅम कॉलेजात रुजू होण्यापूर्वी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत शेअर्सविषयी सल्ला देणारी संस्था काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले. ज्ञान होते, जातीने धंदा बसवला. आज डिमॅट खाते उघडताना जात कोणी विचारत नाही. तेव्हा विहारातील अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांशेजारी ताळेबंद कसा वाचावा याचेही पुस्तक असावे, आणि एडीएक्स शिकवायचाच तर तो कागदावर, सहा महिने, एक रुपयाही न लावता शिकवावा.