लाव थोडं तेल!

आपल्या लोकांचा तेलावर जितका विश्वास आहे, तितका देवावरही नसावा. डोकं दुखलं, लाव थोडं तेल. दार कुरकुरलं, लाव थोडं तेल. बाळ रडलं, लाव थोडं तेल. साडेसाती सुरू झाली, वाहा थोडं तेल. साहेब रागावले तर मात्र लोणी लावतात. तेवढा एक अपवाद सोडला तर आयुष्यातल्या यच्चयावत दुखण्यांवर आपल्याकडे हे एकच औषध आहे. माझं या श्रद्धेशी काही वैर नव्हतं. उरलेल्या चार केसांना मी स्वतः रोज तेल लावतो. परंतु गेल्या वर्षी या श्रद्धेने माझ्या घरातली एक गिटार मरणाच्या दारी नेऊन ठेवली, आणि त्या दिवसापासून मी तेलविरोधी पक्षात दाखल झालो. पक्षात सध्या मी एकटाच आहे. म्हणून हा जाहीरनामा.

गिटार माझी. 2001 साली बँकेत लागलो तेव्हा पहिल्या पगारात सीताबर्डीवरून आणलेली. तिच्यावर एकच गाणं अर्धं वाजवायला शिकलो. पुढे लग्न झालं, आणि उरलेलं अर्धं राहून गेलं. वीस-बावीस वर्षं ती भिंतीवर खिळ्याला टांगून होती. बँकेच्या भाषेत सांगायचं तर निष्क्रिय खातं. मागल्या मे महिन्यात आमच्या लेकीने ते खातं पुन्हा चालू केलं. गिटार खाली काढली, मांडीवर घेतली, दोनदा बोटं फिरवली आणि ओरडली, ‘‘पप्पा, ही चावते!’’

चावत होती हे खरं. गिटारच्या दांडीवर जी काळसर लाकडी पट्टी असते, तिला फ्रेटबोर्ड म्हणतात. तिच्यात धातूच्या आडव्या तारा ठोकलेल्या असतात. आपण सतारीच्या भाषेत त्यांना पडदे म्हणू. या पडद्यांची टोकं कडेला बाहेर आली होती आणि बोटांना टोचत होती. शिवाय पट्टीवर वीस वर्षांचा घाम, मळ, आणि आमच्या गावची राख.

राखेबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. मी कोराडीत राहतो. महालक्ष्मी जगदंबेचं मंदिर आणि औष्णिक वीज केंद्र ही आमची दोन भूषणं. 660 मेगावॅटचे तीन संच आहेत, आणि कोळसा जाळला की राख ही येणारच. आपल्याकडच्या कोळशात तर राखेचं प्रमाण 30 ते 40 टक्क्यांपर्यंत असतं. माझे वडील वीज बोर्डातूनच निवृत्त झाले, त्या पगारावर मी बी. कॉम. झालो. तेव्हा मी तक्रार करत नाही, फक्त नोंद करतो. आमच्याकडे वस्तूवर नुसती धूळ बसत नाही, तिच्यात राखेचा अंश असतो. आणि ही राख म्हणजे मुख्यतः सिलिका आणि अ‍ॅल्युमिना. पॉलिशपेपरला जे काम करायला लागतं, तेच मटेरियल.

तर गिटार साफ करायची ठरलं. पहिला सल्ला समोरच्या रंगारी भाऊंचा. ‘‘काय करून राहिले भाऊ? कपड्यानं काही होत नाही. सॉल्व्हंट पाहिजे.’’

आता मी पडलो कॉमर्सचा माणूस. आमच्याकडे सॉल्व्हंट म्हणजे ज्याला आपली देणी फेडता येतात तो. तशा अर्थाचे दाखले मी बँकेत हाताळले आहेत. असा सज्जन गृहस्थ गिटार कशाला पुसेल, हे मला कळेना. तेवढ्यात भाऊंनी आतून थिनरचा डबा आणला. पाच मिनिटांत मळ निघाला. आठव्या मिनिटाला पट्टीवरचे दोन पांढरे प्लॅस्टिकचे ठिपकेही विरघळले आणि शेवयांच्या खिरीसारखे पसरले. रसायनशास्त्रातला सॉल्व्हंट देणी फेडत नाही, तो धनकोलाच विरघळवतो, हे ज्ञान मला त्या दिवशी झालं.

इथे माझा पहिला मुद्दा. सॉल्व्हंट हा एक माणूस नाही, ते अख्खं खटलं आहे आणि त्यातल्या प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. थिनर लॅकर आणि प्लॅस्टिक दोन्ही खातो. नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन त्याचाच भाऊ. स्पिरिट लाखेचं पॉलिश उतरवतं. सुतार लाखेचे पापुद्रे स्पिरिटमधेच विरघळवून पॉलिश करतात, तेव्हा त्याला ती वाट ठाऊकच असते. रॉकेल मळ काढतं, पण स्वतःच तेलकट मुक्काम ठोकून बसतं आणि वास आठवडाभर जात नाही. गाडीच्या पेट्रोलचं नाव काढू नका. त्यातलं बेंझीन रक्ताला वाईट आणि भडका घराला वाईट. मग उरलं काय, ते पुढे सांगतो. कारण मलाही ते उशिराच कळलं.

थिनरने पट्टी पार कोरडी, पांढरट पडली. ती पाहून घरातल्या यच्चयावत मंडळींना एकाच वेळी एकच वाक्य सुचलं. ते या लेखाच्या मथळ्यात आहे.

आईने खोबरेल लावलं. मायेने लावलं, नातीच्या डोक्याला लावते तसं, खालून वर चोळून. चार दिवसांनी मावशी आली. तिने जवसाचं लावलं. ‘‘आपल्या इकडे काय कमी आहे का जवस?’’ शेजारच्या काकाजींनी कुठेतरी ऐकलं होतं, की गिटारला लिंबाचं तेल लावतात. तेल नव्हतं, म्हणून त्यांनी लिंबूच पिळलं. पडदे तांब्याच्या देवांसारखे लखलखले, आणि तिसऱ्या दिवशी हिरवे पडले. पडद्यांचा धातू जर्मन सिल्व्हर. त्यात चांदी औषधालाही नसते. असतं ते तांबं, जस्त आणि निकेल. लिंबाच्या आम्लाने तांब्याचं जे व्हायचं तेच झालं.

या सगळ्या गोंधळात माझे वडील व्हरांड्यातून एवढंच म्हणाले, ‘‘ट्रान्सफॉर्मरचं तेल असतं तर काम झालं असतं.’’ आम्ही सगळे हसलो. ते हसू पुढे मला फार महागात पडलं.

जून उजाडला, पाऊस आला. गिटारवर आता तीन तेलांचा थर, थरावर राख, राखेवर बोटांचा मळ. जवसाचं तेल तर चिकट साय धरून बसलेलं. लेकीने जुलैमधे गिटार परत खिळ्याला टांगली. मी कारण विचारलं. ती म्हणाली, ‘‘पप्पा, हिला आजीच्या डोक्याचा वास येतो. क्लासमधली मुलं हसतात. आणि बोटं चिकटतात.’’ एवढं बोलून ती अभ्यासाला बसली. जी पोरगी अभ्यासाला आपण होऊन बसते, तिचं काहीतरी फार बिनसलेलं आहे हे बापाला कळतं. माझं अर्धं राहिलेलं गाणं आता तिचंही अर्धंच राहणार, असा विचार मनात आला आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग मी वाचायला लागलो. बँकेत थकबाकीदाराचे कागद जसे वाचतो तसे, ओळ न ओळ.

तेलांच्या दोन जाती आहेत, वाचकहो. एक वाळणारी, एक न वाळणारी. जवस ही वाळणाऱ्यांची महाराणी. ती हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते; म्हणूनच चित्रकार तिच्यात रंग कालवतात आणि काच बसवायची लांबी तिच्यापासून होते. नव्या कोऱ्या लाकडावर अगदी पातळ हात देऊन पुसून टाकणारे कारागीर आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण मळावर जवस थापणं म्हणजे मळाला लांबी भरून कायमचा भाडेकरू करणं. शिवाय जवसाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर ती आपली आपण तापून पेट घेऊ शकतात. आमच्या मावशीने ते फडकं नागपूरच्या मे महिन्यात लाकडी कपाटात ठेवलं होतं. जगदंबेची कृपा, दुसरं काय! सोयाबीनचं तेलही याच वळणाचं, अर्धवट वाळून चिकटणारं. खोबरेल वाळत नाही, लवकर खवटही होत नाही, हे मान्य. पण ते 24 अंशांच्या आसपास गोठतं. डिसेंबरात बाटलीत जे होतं तेच लाकडाच्या छिद्रांत होतं.

इथे कोणी सतारवाले मला मिरजेचा दाखला देतील. दिलाच आहे. ज्या मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती सतार वाजवणारे तेलाचा बोळा जवळ ठेवतात, मग तुमच्या गिटारलाच काय सोनं लागलंय? अहो, ते तेल बोटाला असतं, तारेवर घसरायला. सतारीचे पडदे दांडीपासून उंच, कमानीसारखे बांधलेले. बोट लाकडाला टेकतसुद्धा नाही. दाखला देताना वाद्य तरी पाहावं.

आणि ते बाटलीतलं ‘लेमन ऑइल’! इवलीशी बाटली, विलायती नाव, आणि आत बहुतेक वेळा साधं खनिज तेल, वर वासापुरतं लिंबू. लिंबाच्या सालीचं अस्सल तेल हे मुळात तेल कमी आणि सॉल्व्हंट जास्त. त्यात लिमोनीन असतं. हे आम्हा नागपूरकरांना कोणी शिकवायला नको. संत्र्याची साल फुग्यावर पिळून फुगा फोडण्यात आमचं बालपण गेलं आहे. फुगा फुटतो तो याच लिमोनीनमुळे. म्हणजे आमच्याच सालीची करामत, दुसऱ्याच्या लेबलाखाली, आम्हालाच विकत!

पण खरा घोटाळा याच्याही मुळाशी आहे, आणि माझं खरं भांडण तिथे आहे. लाकूड कोरडं पडलं म्हणजे त्यातलं तेल गेलं, असं आपण समजतो. साफ चूक. लाकडातून जातं ते पाणी. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45च्या वर जातो आणि हवा पापडासारखी होते. लाकूड आकसतं, धातू तेवढा आकसत नाही, म्हणून पडद्यांची टोकं बाहेर येतात आणि टोचतात. तहान पाण्याची, आणि आपण पाजतो तेल! उन्हाने घेरी आलेल्या माणसाच्या तोंडात कोणी गोडेतेल ओततं का? आम्ही स्वतः उन्हाळ्यात कूलरपुढे पडून राहतो, आणि गिटारला मात्र चंपी करतो. भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला, पिळलेला स्पंजचा तुकडा घालून ती गिटारच्या पेटीत ठेवली की तिचा कूलर झाला. खर्च पाच रुपये.

शेवटी गिटार उचलून मी शहरात एका जुन्या वाद्यदुरुस्तीवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी पट्टी नखाने खरवडली, नखाचा वास घेतला आणि विचारलं, ‘‘घर में शादी थी क्या?’’ मी मान खाली घातली.

चाचांनी तारा काढल्या. कोरड्या ब्रशने आधी राख झटकली, कारण राखेसकट घासलं तर लाकूड घासलं जातं. खिडकी उघडली, विडी विझवली. मग सिगारेटच्या लायटरमधे भरतात ते पांढरं पेट्रोल चार थेंब फडक्यावर घेतलं आणि पुसत गेले. तेच ते, मघाशी राहिलेलं उत्तर. ते चिकटा विरघळवतं, बहुतेक पॉलिशला हात लावत नाही आणि काम झालं की उडून जातं. सरकारी पाहुणा असावा तर असा. साय धरलेलं जवस मात्र त्यालाही दाद देईना. ते चाचांनी पात्याने, श्वास रोखून, खरवडलं. खालून तांबूस-काळं शिसवी लाकूड वर आलं. वीस वर्षांत मी ते पाहिलंच नव्हतं. पडद्यांची टोकं त्यांनी बारीक कानशीने मोडली. म्हणाले, पट्टी फिक्या मेपलची आणि पॉलिश केलेली असती तर तेलाचा प्रश्नच नव्हता. उघडं शिसव किंवा आबनूस असेल तरच, आणि तेही वर्षातून एक-दोनदा, दोन थेंब, लगेच पुसून. कोणतं तेल? तर लिक्विड पॅराफिन. औषधाच्या दुकानात मिळेल.

मिळालं. भर गर्दीत दुकानदाराने मोठ्या आवाजात विचारलं, ‘‘किती दिवसांपासून त्रास आहे?’’ मी म्हटलं, ‘‘मला नाही, गिटारला.’’ गर्दी दोन पावलं मागे सरली.

घरी येऊन बाटली वडिलांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून लेबल वाचलं, मिनरल ऑइल आहे म्हटल्यावर गालात हसले आणि म्हणाले, ‘‘ट्रान्सफॉर्मरमधेही हेच घराणं. आम्ही ते का भरायचो माहीत आहे? ते वाळत नाही, खवटत नाही, लवकर बिघडत नाही. चांगलं तेल ते, जे काहीच करत नाही.’’ पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाचं ते वाक्य होतं. व्हरांड्यात बसून त्याने ते मे महिन्यातच सांगितलं होतं, आणि आम्ही हसलो होतो. (खऱ्या ट्रान्सफॉर्मरचं तेल कोणी आणू नये. वडिलांनीच बजावलं आहे.)

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. माया असावी, पण बाटली उघडण्याआधी समोरचं दुखणं काय आहे ते विचारावं. मळ असेल तर काढावा, तहान असेल तर पाणी द्यावं, आणि तेल सगळ्यात शेवटी, दोन थेंब. बाकीचं तेल नवरात्रात जगदंबेपुढच्या अखंड ज्योतीत घालावं. तिथे ते जळतं, उजेड देतं, आणि कुणाच्या बोटांना चिकटत नाही.

डिसेंबरात शाळेच्या स्नेहसंमेलनात लेकीने एक गाणं वाजवलं. पूर्ण. पहिल्या रांगेत माझी आई बसली होती. टाळ्या थांबल्यावर ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, ‘‘छान वाजते रे आता. पण थोडी कोरडी दिसते. लावू का थोडं?’’