मिनिमम ड्यू आणि दामदुपट



मी अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळाची खजिनदार होते तेव्हापासून लोकांची समजूत आहे की मला पैशातले कळते. त्यामुळे कार्यक्रम संपला, खुर्च्या घडी करून झाल्या, मसालेभाताची रिकामी पातेली गाडीत गेली, की कुणीतरी पार्किंगमध्ये हळूच गाठते. "ताई, एक विचारायचं होतं. क्रेडिट कार्डाचं जरा वाढलंय." गेल्या तीन-चार वर्षांत असे पाच जण भेटले. सभागृहाच्या आत हा विषय एकदाही निघाला नाही. आत आपण मॉर्गेज किती टक्क्यांनी पडले ते न विचारता सांगतो, मुलाला कुठल्या कॉलेजची स्कॉलरशिप मिळाली तेही सांगतो. कार्डावर किती थकले आहेत, हे सांगायला मात्र अंधार आणि गार वारा लागतो.

हा संक्रांत अंक तुमच्या हाती पडेल तोवर डिसेंबरचे स्टेटमेंट आलेले असेल. आपल्या घरांतले वर्षातले सगळ्यात जाडजूड स्टेटमेंट हेच. शाळांना तेव्हा सुट्टी, म्हणून भारतवारी तेव्हा, आणि नेमकी तेव्हाच तिकिटे सोन्याच्या भावाने. शिवाय लग्नांतले आहेर, इथून न्यायच्या भेटवस्तू, आणि परत आल्यावर तुंबलेली बिले.

ऋण काढून सण करतात मेले, असे कुणाच्या मनात येईल. पण पार्किंगमधल्या पाचांपैकी हौसेपायी कर्जात पडलेला एकच होता. एकीने वडिलांच्या अखेरच्या दुखण्यात तीन महिन्यांत दोनदा ऐनवेळचे तिकीट काढले होते. एकाची नोकरी गेली होती. एच-वन-बीवर असताना नोकरी गेली की दुसरी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस, आणि त्या साठ दिवसांत घरभाडे सोडून सगळे कार्डावर. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे मलाही शिकवलेले आहे. आईची बायपास अंथरूण मोजायला वेळ देत नाही.

माझेही झाले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या कार्डावर ६,४०० डॉलर थकले होते. त्याच वर्षी मंडळाचा जमाखर्च मी सेंटापर्यंत जुळवून वार्षिक सभेत वाचून दाखवला होता आणि टाळ्या घेतल्या होत्या. घरी सांगायला मला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत मी दर वेळी मिनिमम ड्यू भरत होते आणि स्वतःची समजूत काढत होते, की वेळेवर भरतोय ना आपण.

हे मिनिमम काय प्रकरण आहे ते एकदा कागदावर मांडा. समजा ८,००० डॉलर थकले आहेत आणि व्याज वर्षाला २४ टक्के, म्हणजे ढोबळमानाने महिन्याला २. (इथल्या कार्डांचा सरासरी दर गेली काही वर्षे विशीच्या वरच आहे, तेव्हा २४ हा आकडा मी फुगवून घेतलेला नाही.) बऱ्याच बँका किमान रक्कम ठरवतात ती अशी: त्या महिन्याचे व्याज, अधिक मुद्दलाचा एक टक्का. पहिल्या महिन्यात १६० व्याज आणि ८० मुद्दल, एकूण २४०. पुढच्या महिन्यात मुद्दल जरासे उतरले म्हणून मिनिममही उतरते, २३७ डॉलर ६० सेंट. आपल्याला बरे वाटते, आणि फसगत तिथेच आहे. कर्जाबरोबर हप्ताही आक्रसत जातो, म्हणून कर्ज संपायचे नाव घेत नाही. एकही हप्ता न चुकवता आणि त्या कार्डावर नवा एक डॉलरही खर्च न करता ६९ महिने, म्हणजे पावणेसहा वर्षे, असे भरत राहिलात तर बँकेला १२,००० डॉलर गेलेले असतात आणि कर्ज उरलेले असते ४,०००.

आता फक्त एक बदल करा. पहिल्या महिन्याचे ते २४० घट्ट धरून ठेवा. बँक पुढच्या महिन्यात २३७ मागेल, त्याच्या पुढे २३५. आपण २४०च भरायचे. ५६ महिन्यांत खाते शून्य, आणि व्याज गेले सुमारे ५,३००. खिशातून पहिल्या महिन्यापेक्षा एक डॉलरही जास्त काढलेला नाही. ३२० जमवले तर ३५ महिने आणि व्याज ३,२००. ४०० जमवले तर २६ महिने, व्याज २,३००च्या आसपास. कर्ज लवकर फेडण्याच्या ज्या काही युक्त्या आहेत, त्या सगळ्या या एका गोष्टीपुढे किरकोळ आहेत: हप्ता किती, हे बँकेने नव्हे, आपण ठरवायचे.

मिनिममचा तो हिशेब पाहून आपल्या पणजोबांना एक शब्द आठवला असता, दामदुपट. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, असा हिंदू धर्मशास्त्रातला जुना दंडक. मुंबई इलाख्यातली इंग्रजांची न्यायालयेही तो मानत. वरच्या उदाहरणात मुद्दलाचा एक डॉलर फिटायला व्याजाचे दोन डॉलर जातात. अर्थात कार्डाचे व्याज साचू न देता महिन्याच्या महिन्याला काढून घेतले जाते, त्यामुळे तो जुना दंडकही इथे हात चोळत बसला असता.

आपल्याकडे १८७५च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जखते हिसकावून जाळली, ते लोण आसपास पसरले, आणि चार वर्षांनी सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. अमेरिकेत कायद्याची गाडी उलट्या दिशेने गेली. १९७८ साली इथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की राष्ट्रीय बँकेचे ठाणे ज्या राज्यात असेल तिथला व्याजदर ती इतर राज्यांतल्या ग्राहकांनाही लावू शकते. मग साउथ डकोटाने व्याजावरची मर्यादाच काढून टाकली आणि सिटीबँकेने आपला कार्डांचा धंदा न्यूयॉर्कहून सू फॉल्सला हलवला. पाठोपाठ डेलावेअरनेही दारे उघडली. आपण राहतो एका राज्यात आणि व्याजाचा नियम लागतो भलत्याच राज्याचा, जिथे आपण विमान बदलायलाही उतरलेलो नसतो.

२००९च्या कार्ड कायद्यानेही दराला कमाल मर्यादा घातली नाही. पण त्याने स्टेटमेंटवर एक चौकट छापायला लावली, आणि माझ्या मते इतकी उपयोगी चौकट इथल्या कुठल्या सरकारी कागदावर नसेल. नुसते मिनिमम भरत राहिलात तर किती वर्षे लागतील हे तिच्यात असते, आणि तीन वर्षांत मोकळे व्हायचे असेल तर महिन्याला किती भरावे लागेल हेही. आपल्या ८,०००च्या उदाहरणात हा दुसरा आकडा ३१४च्या आसपास येईल. ऑटोपेमध्ये तो टाका. बऱ्याच जणांच्या ऑटोपेला मिनिमम लावलेले असते, कारण पहिल्या दिवशी तेच बटण समोर दिसते आणि नंतर कुणी तिकडे फिरकत नाही.

हे पैसे आणायचे कुठून, हा पुढचा प्रश्न. कॉफी सोडा, बाहेरचे जेवण सोडा, असले सल्ले मी देणार नाही. ते तुम्ही स्वतःला देऊन झालेले असतात. आपल्या लोकांच्या घरात पैसे वेगळ्या जागी असतात. पार्किंगमधल्या पाचांपैकी दोघांची भारतात एनआरई एफडी होती, सात टक्क्यांच्या आसपासची. इथे २४ टक्क्यांनी कर्ज आणि तिथे सात टक्क्यांनी ठेव, त्यातही त्या व्याजावर अमेरिकेत कर. एफडी मोडणे म्हणजे घरातली लक्ष्मी बाहेर काढणे, असे आपल्याला वाटते. मलाही वाटते. पण निदान सतरा टक्क्यांचा फरक ही त्या भावनेची फार महाग किंमत झाली. एफडीला वर्ष पूर्ण झाले नसेल तर व्याज मिळत नाही, एवढे बघून घ्या. एनआरई खात्यातला पैसा इकडे आणायला आडकाठी नाही. आणि सगळी मोडू नका. हजारभर डॉलर हाताशी राहू द्या, नाहीतर पुढच्या महिन्यात गाडीचे टायर पुन्हा कार्डावर येतील.

दुसरी जागा पगाराच्या तारखांत दडलेली असते. ज्यांचा पगार दर दोन आठवड्यांनी होतो त्यांना वर्षात २६ पगार मिळतात, म्हणजे दोन महिने तीन पगारांचे. घरखर्च दोन पगारांवर बसवलेला असतो, तिसरा कुठे जातो ते कळत नाही. कॅलेंडरवर त्या दोन महिन्यांवर आजच लाल पेनाने खुणा करून ठेवा. टॅक्सचा रिफंड येणार असेल तर तोही बँक खात्यात मुरण्याआधी कार्डावर वळवा. आणि ज्या बायकांची भिशी चालू आहे त्यांनी पहिला नंबर मागून घ्यायला लाजू नये. दहा जणींची ४०० डॉलरची भिशी म्हणजे एका हप्त्यात ४,००० डॉलर, बिनव्याजी. त्यानंतर मात्र उरलेले नऊ महिने न चुकता भरायचे, नाहीतर बँकेचे देणे फिटेल आणि मैत्रिणी जातील.

कार्डे तीन-चार असली तर आधी कुठले? हिशेबाने, सर्वांत चढ्या दराचे. दुकानांची कार्डे पहिल्यांदा काढा, त्यांचा दर बऱ्याचदा ३० टक्क्यांच्या आसपास असतो. पण दोन कार्डांचे दर जवळपास सारखे असतील तर मी लहान थकबाकी आधी उडवीन. एक स्टेटमेंट यायचे थांबले की माणसाला जो हुरूप येतो तो गणितात धरता येत नाही. त्याचा मोकळा झालेला हप्ता तसाच्या तसा पुढच्या कार्डाला जोडायचा. तो घरखर्चात मिसळू दिला तर संपलेच.

शून्य टक्क्यांवर थकबाकी दुसऱ्या कार्डावर नेण्याची सोय चांगली आहे, पण ती मुदत मिळवून देते, कर्ज फेडत नाही. तीन ते पाच टक्के फी सुरुवातीलाच लागते. ८,००० नेले आणि फी तीन टक्के असेल तर ८,२४०. मुदत १८ महिने असेल तर महिन्याला ४५८. हा आकडा झेपणार असेल तर जरूर करा. जुने कार्ड रिकामे झालेले पाहून हात शिवशिवतात, ते कपाटात कुलपात ठेवा. फर्निचरच्या दुकानातले "१२ महिने व्याज नाही" हे मात्र बऱ्याचदा वेगळे प्रकरण असते. मुदतीत थोडे जरी राहिले तरी पहिल्या दिवसापासूनचे व्याज एकदम अंगावर येते.

मिनिममसुद्धा झेपत नसेल तर आधी बँकेलाच फोन करा आणि हार्डशिप प्रोग्राम (अडचणीतल्या ग्राहकांसाठीची सवलत) आहे का, असे स्पष्ट विचारा. आपण फोन टाळतो, कारण नाकारतील अशी भीती असते. नाकारले तर आहे तिथेच राहतो. स्टेटमेंटवरच्या त्या चौकटीतच क्रेडिट कौन्सेलिंगसाठी एक टोल-फ्री नंबर छापलेला असतो. नॅशनल फाउंडेशन फॉर क्रेडिट कौन्सेलिंग ही १९५१पासूनची ना-नफा संघटना आहे. तिच्या सदस्य संस्था बँकांशी बोलून व्याज खाली आणतात, तीन ते पाच वर्षांचा एकच हप्ता बांधून देतात, महिन्याला थोडी फी घेतात. बदल्यात ती कार्डे बंद होतात, जे माझ्या मते बरेच झाले. रेडिओवर "अर्धे कर्ज माफ" म्हणून ओरडणाऱ्या सेटलमेंट कंपन्या वेगळ्या. त्या बहुधा हप्ते थांबवायला सांगतात, तोवर क्रेडिट स्कोअर खड्ड्यात जातो, आणि माफ झालेली रक्कम उत्पन्न म्हणून करात धरली जाऊ शकते. फोनवरून गळी उतरवलेल्या अशा सेवेसाठी काम होण्याआधी फी घेणे २०१०पासून बेकायदा आहे. कुणी आगाऊ मागितली तर फोन ठेवून द्या.

माझे ६,४०० फिटायला पावणेतीन वर्षे लागली, महिन्याला २५० डॉलर. घरी सांगितले त्या रात्री नवरा बराच वेळ काही बोलला नाही, मग उठून त्याने त्याच्या कार्डाचे स्टेटमेंट आणून माझ्या स्टेटमेंटशेजारी ठेवले. त्यावर १,९०० थकले होते.

कार्यकारिणीने यंदा दोन गोष्टी ठरवल्या आहेत. वार्षिक वर्गणी दोन हप्त्यांत भरता येईल, त्याचे कारण विचारले जाणार नाही. आणि फेब्रुवारीच्या तिसऱ्या शनिवारी, मराठी शाळा सुटल्यावर त्याच वर्गात, दोन तास नुसते आकडे मांडायला बसायचे. नावे लिहून घेणार नाही, फोटो काढणार नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर काही टाकणार नाही. येताना ती चौकट असलेले स्टेटमेंट आणा, आणि जमल्यास नवरा किंवा बायको. चहा मी आणते.

आपली,
संपादक