हजच्या वाटेवरची जळजळ

रत्नागिरी असो की मालेगाव, हजला निघालेल्या माणसाची बॅग भरताना घरचे पित्ताच्या गोळ्या आठवणीने टाकतात. पँटोप्राझोलच्या दोन-चार पट्ट्या, सोबत गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक. काळजीपोटीच टाकतात, पण कोणती गोळी कधी घ्यायची आणि कोणतं दुखणं अंगावर काढायचं नाही, हे कोणी सांगत नाही.

मिना, अरफात, मुझदलिफा या टप्प्यांवर साठी ओलांडलेली माणसं रणरणत्या उन्हात मैलोन्‌मैल चालतात. जेवणाच्या वेळा चुकतात, झोप पुरत नाही. पाय ठणकू लागले की वेदनाशामक गोळी घेतली जाते, तीही उपाशीपोटी. या गोळीने जठराच्या अस्तराचं संरक्षण कमी होतं, आम्ल थेट भिडतं आणि व्रण पडतो. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर तो व्रण वाहू लागण्याचा धोका वाढतो. डांबरासारखी काळी शौच ही त्याची खूण. पँटोप्राझोल या त्रासापासून बरंच संरक्षण देते, पण ती रोज जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते. जळजळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी लगेच उतारा देत नाही.

याहून मोठा धोका वेगळाच आहे. छातीत दाटून येतं, घाम फुटतो, मळमळतं आणि तंबूतला सोबती म्हणतो, ‘गॅस धरला असेल, गोळी घे.’ हृदयविकाराचा झटका नेमका असाच येऊ शकतो. मधुमेह्याला तर कधीकधी छातीत फारसं दुखतही नाही. गोळीचा गुण येण्याची वाट पाहत काढलेला प्रत्येक तास हृदयाचा स्नायू मारत जातो. उन्हाने हा धोका आणखी वाढतो. २०२४च्या हजमध्ये मक्केत पारा ५१.८ अंशांवर गेला होता. त्या वर्षी ९८ भारतीय यात्रेकरू दगावल्याचं परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं. त्यातले बहुतेक मृत्यू आजारपण आणि वार्धक्याने झाले होते. मक्केत उपचारांची वानवा नाही. किंग अब्दुल्ला मेडिकल सिटीत हृदयाच्या बंद रक्तवाहिन्या उघडण्याची सोय आहे. पण रुग्ण तिथे वेळेत पोहोचला तरच तिचा उपयोग.

हज कमिटी यात्रेकरूंची शिबिरं घेते, वैद्यकीय प्रमाणपत्रही मागते. त्याच शिबिरात डॉक्टरांना अर्धा तास द्यावा आणि कोणती गोळी कधी घ्यायची व कोणतं दुखणं अंगावर काढायचं नाही, या दोन गोष्टी मराठीतून, उर्दूतून समजावून सांगाव्यात. घरच्यांनीही बॅगेत पट्ट्यांसोबत चालू औषधांची यादी आणि डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी. हृदयात स्टेंट असलेल्याने पित्ताची कोणती गोळी चालेल हे आधी विचारावं, कारण ओमेप्राझोल या पित्ताच्या गोळीमुळे रक्त पातळ करणाऱ्या क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होतो. आणि छातीत दाटून घाम फुटला, तर पित्ताची गोळी शोधत बसू नका. सोबत्याला ९९७ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायला सांगा.