नदीकाठच्या वाटेवर नुसती खडी नको



आपल्या वणीजवळ उनंदा नदीवर ओझरखेड धरण आहे. नदीकाठी मळे आहेत, द्राक्षबागा आहेत. मळ्यांतली पुष्कळ मुले सायकलने शाळेत येतात. काठाची वाट सगळी काळ्या मातीची. काळी माती ओली झाली म्हणजे फुगते व वाळली म्हणजे भेगाळते, हे आपण शिकलो. पण ती मडगार्डात जाऊन बसते आणि मग चाक फिरतच नाही, हे काही पुस्तकात नाही. काडीने चिखल काढायचा, दहा पावले गेलो की पुन्हा तेच! माझी ताई हायस्कूलला जाते. पावसाळ्यात ती सायकल घरीच ठेवते व पायी जाते. म्हणून तिला अंधारातच उठावे लागते.

उन्हाळ्यात तरी बरे असेल असे तुम्हाला वाटेल. पण तेव्हा ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या होतात. चाक एकदा चाकोरीत गेले की निघत नाही. हॅन्डल वळवले की आपटलोच. शिवाय बाभळीचे काटे आहेतच.

मोठी माणसे म्हणतात, खडी टाकली की रस्ता झाला. मला हे पटत नाही. सुटी खडी टाकून तशीच सोडली तर त्यापेक्षा चिखल परवडला. ट्रॅक्टरला काही होत नाही, सायकल मात्र घसरते. त्यापेक्षा मुरूम टाकावा. मुरूम म्हणजे झिजलेला खडक. पाणी मारून रोलर फिरवला की तो घट्ट बसतो. बाजूला चर मात्र खणायलाच हवा, नाहीतर पहिल्या पावसात सगळा मुरूम नदीत!

शेतरस्त्यांसाठी शासनाने २०२१ साली मातोश्री पाणंद रस्ते योजना काढली होती. शेतमाल न्यायला रस्ता हवा, हे खरेच आहे. पण त्याच वाटेने मुलेही जातात.

आपल्या नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिकेतली सुमारे ४८०० किलोमीटरची सायकल शर्यत पुरी केली. आम्हाला तर फक्त शाळेपर्यंत यायचे आहे.

२६ जानेवारीला ग्रामसभा असते. तिथे आम्हा मुलांना कोण बोलू देणार? म्हणून इथे लिहिले. पालकांनी वाचून तिथे एवढे विचारावे, की मुरूम कधी टाकणार आणि चर कोण खणणार?

— इयत्ता ४ थी